ला पाझच्या खाडीत नांगरावर सात महिने

"मेक्सिकोतलं ला पाझ कसं आहे?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, बोट बांधून धक्क्यावर राहणार की खाडीत नांगरावर? कारण ती दोन वेगळी गावं आहेत. धक्क्यावर वीज, नळाचं पाणी, गरम पाण्याची अंघोळ आणि चार पावलांवर कॉफी. नांगरावर यातलं काहीच नाही. आम्ही पहिले नऊ दिवस धक्क्यावर काढले आणि नोव्हेंबरअखेरपासून जूनपर्यंतचे बाकीचे सगळे नांगरावर. त्यामुळे हा अनुभव नांगरावरच्या गावाचा आहे. धक्क्यावरच्या गावाबद्दल मला फारसं ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटतो.

माझं माहेर हर्णैचं, नवरा नाशिकचा. शिडाची बोट चालवायला शिकलो ते मात्र सॅन डिएगोत, तेही चाळिशी उलटल्यावर. बोट ३६ फुटी, फायबरची, आमच्याआधी तीन मालकांच्या हातून गेलेली. सॅन डिएगोहून निघून मेक्सिकोतल्या एन्सेनादाला कागदपत्रं केली, मग बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा किनारा उतरत काबो सान लुकास, आणि तिथून वळसा घालून आत, कॅलिफोर्नियाच्या आखातात. काबोपर्यंत साधारण साडेसातशे सागरी मैल, पुढे आणखी दीडशे. त्या प्रवासाबद्दल परत कधीतरी.

कागदपत्रांचं एकदाच सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यांना पडतो. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. माणसाला एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात. बोटीचा तात्पुरत्या आयातीचा परवाना मात्र दहा वर्षांचा असतो. म्हणजे बोट आपल्यापेक्षा जास्त मेक्सिकन. आम्ही मार्चमध्ये आळीपाळीने देशाबाहेर जाऊन आलो. आळीपाळीने, कारण एकानं बोटीवर थांबणं भाग होतं. ते का, ते आता सांगते.

ला पाझ शहरासमोर एल मोगोते नावाची वाळूची लांब पट्टी आहे, खारफुटीनं भरलेली. पट्टीच्या मागे मोठी उथळ खाडी. त्या खाडीतलं सगळं पाणी भरती-ओहोटीला ज्या अरुंद वाटेनं आतबाहेर करतं, त्याच वाटेत आपण नांगर टाकतो. वारा एका बाजूनं, पाणी दुसऱ्या बाजूनं. मग होतं काय, एरवी नांगरावरच्या बोटी गोठ्यातल्या गायींसारख्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात, तशा इथे राहत नाहीत. ज्याचा कणा, म्हणजे बोटीखालचं पातं, खोल तो प्रवाहाचं ऐकतो, ज्याचा उथळ तो वाऱ्याचं. प्रत्येक जण आपापल्या गतीनं फिरतो. याला इथले बोटवाले 'ला पाझचा वॉल्ट्झ' म्हणतात, वॉल्ट्झ म्हणजे गिरक्या घेत करायचा जोडीचा नाच. नाव ऐकून आम्हाला मजा वाटली होती. ती डिसेंबरात संपली.

उत्तरेकडचा वारा दोन दिवस भणाणत होता. पहाटे तीनला खालून आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. आमची साखळी कण्याला गुंडाळली गेली होती आणि बोट वाऱ्याला आडवी झाली होती. वर आले तर शेजारची चाळीस फुटी बोट मागच्या बाजूनं आमच्या अंगावर येत होती, इतकी जवळ की तिच्यावर वाळत टाकलेल्या टॉवेलाची नक्षी दिसत होती. नवरा लुंगीवर पुढे बसून पायानं तिला ढकलतोय, मी रबरी फेंडर हातात घेऊन इकडून तिकडे धावतेय, आणि शेजारचे आजोबा आपल्या डेकवरून शांतपणे विचारतायत, "किती साखळी सोडलीय?" आम्ही सोडली होती पन्नास मीटर. पाणी पाचच मीटर खोल. त्यांची तीस होती. जास्त साखळी म्हणजे जास्त सुरक्षित हे आम्ही शिकलेलं खरंच आहे, पण इथे आपलं वर्तुळ शेजाऱ्यांच्या वर्तुळाएवढंच ठेवावं लागतं. त्यानंतर नवी बोट आली की मीही तोच प्रश्न विचारायला लागले. आपल्याकडे चाळीत "पाणी आलं का?" विचारतात, त्याच सुरात.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते: दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. ला पाझला उन्हाळ्यात सूर्य बुडाल्यावर दक्षिण-नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. तो दिसायला मतलई, पण असतो खाराच. इथे द्वीपकल्प सखल आहे, त्यामुळे पलीकडची पॅसिफिकवरची थंड हवा तापलेल्या जमिनीवरून सरळ इकडे ओढली जाते. त्याचं नाव कोरोमुएल. लोक सांगतात की क्रॉमवेल नावाच्या कुणा इंग्रज चाच्याचं नाव घासून घासून असं झालं. खरं असो वा नसो, मेच्या उकाड्यात हा वारा आला नाही तर माणूस शिजेल. आमच्या पुढच्या झरोक्यातून तो आत आला की पांघरूण लागायचं.

पण याच वाऱ्यानं दिवसाचं वेळापत्रक ठरतं. मे-जूनमध्ये गावात जायचं ते सकाळी वारा पडल्यावर, साधारण दहानंतर, आणि परतायचं अंधाराआधी. उशीर झाला तर छोट्या रबरी डिंगीत समोरून लाटा अंगावर, आणि पिशवीतली कोथिंबीर खाऱ्या पाण्यात. शिवाय समोरच्या एस्पिरितू सांतो बेटाच्या सुंदर खाड्या बहुतेक पश्चिमेकडे तोंड केलेल्या. हिवाळ्यात तिथे उत्तरेच्या वाऱ्यापासून छान आडोसा मिळतो, उन्हाळ्यात मात्र कोरोमुएलची लाट सरळ आत शिरते आणि रात्रभर भांडी वाजतात. फोटो पाहून मेमध्ये तिथे जाणाऱ्यांनी झोपेचा विचार आधी करावा.

सामानाबद्दल. सौर पॅनेल ४०० वॅटची, आणि या वाळवंटी उन्हात ती पुरून उरली. फ्रिज, दिवे, लॅपटॉप, सगळं चाललं. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र बेटांवर उत्तम, पण शहरासमोर ते आम्ही लावलंच नाही. पाण्यावर डिझेलचा तवंग येतो आणि तेलानं आतला पडदा कायमचा खराब होतो. म्हणून पाणी कॅनमध्ये भरून आणायचं, वीस लिटरचा एक कॅन, डिंगीतून वर चढवायचा. हर्णैला आजी डोक्यावरून पाणी आणायची तेव्हा एका हंड्यात किती भागवायची, ते मला इथे कळलं. रात्री डिंगी पाण्यात सोडायची नाही, दोरानं वर उचलून टांगायची. चोरी फार होते असं नाही, पण होते.

तक्रार एकच, पण मनात राहिलेली. डिंगीचं इंजिन बंद पडलं म्हणून एका वर्कशॉपात दिलं. पाणी खेचणारी रबरी चकती नवी घातल्याचे पैसे घेतले. महिन्यानं इंजिन पुन्हा तापलं. नवऱ्यानं उघडलं तर आत जुनीच चकती, एक पातं तुटलेली. तेव्हापासून आमचा नियम: काढलेला जुना भाग परत मागून घ्यायचा. तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकल नावाच्या कवचाच्या जीवांबद्दल तर बोलायलाच नको. पाणी कोमट व्हायला लागलं की तीन आठवड्यांत बोट ढकलणाऱ्या पंख्याचा फुलकोबी होतो.

आता गाव. मालेकोन म्हणजे समुद्राला लागून जवळजवळ पाच किलोमीटरचा फिरायचा रस्ता. संध्याकाळी अख्खं गाव तिथे. आजी, नातवंडं, सायकली, चाकांच्या बुटांवरची पोरं. पर्यटक असतात, पण रस्ता त्यांच्यासाठी नाही, हे पाहताक्षणी कळतं. पर्यटकांसाठीच सजलेल्या काबोहून आलेल्या माणसाला याचा फार दिलासा वाटतो. माझ्याशी सगळे सरळ स्पॅनिशमध्येच बोलायचे, चेहरा त्यांच्यातलाच वाटतो म्हणून. परदेशी आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न, "हिंदू आहेस का?" पहिल्यांदा मी दचकले. नंतर कळलं की इथे भारतीय माणसाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, 'इंदू' असंच म्हणतात.

खाण्याचं म्हणाल तर मराठी माणूस इथे उपाशी राहत नाही. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, किलोवर मिळतात, कागदात गुंडाळलेल्या, हाताला चटका बसेल इतक्या गरम. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, आपण पानाला लावतो तोच चुना. त्यानं साल सुटतं, पीठ मळता येतं, आणि मक्यात एरवी अंगी न लागणारं एक जीवनसत्त्व मोकळं होतं. आमच्या मक्याच्या भाकरीला कडा का फुटतात याचं उत्तर मला असं मिळालं. चिंचेचं सरबत आहे. हामाइका नावाचं लालभडक सरबत म्हणजे अंबाडीची बोंडं. बाजारात 'मनिला' आंबा मिळतो. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ये-जा करत होती, त्या वाटेनं आलेला. हापूस नाही, पण हापूसच्या आठवणीवर फुंकर घालण्यापुरता ठीक. धुरावलेल्या मार्लिन माशाचा टाको मात्र नक्की खा.

आणि कुकर. फेब्रुवारीत आमच्या कुकरची रिंग फाटली. बोटीवर कुकर म्हणजे काय हे सांगायला नको: गॅस वाचतो, लाटेत झाकण उडत नाही. मी हताश होऊन बसले होते. पण इथे घरोघरी राजमा, म्हणजे फ्रिहोलेस, शिजतो, आणि तो बऱ्याचदा कुकरमध्ये शिजतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाजाराच्या गल्लीत एक खोली, वर मिक्सरची जुनी भांडी, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या पन्नासएक काळ्या-पांढऱ्या रिंगा. म्हाताऱ्या दुकानदारानं माझी फाटकी रिंग हातात घेतली, वास घेतला, बोटांनी ताणली. मग एकेक काढून तिच्यावर ठेवून पाहायला लागला. "ही कुठली?" भारतातली, मी म्हटलं. "तिकडेही फ्रिहोलेस खातात?" डाळ, मी म्हटलं, आणि डाळ म्हणजे काय ते सांगताना माझं सगळं स्पॅनिश संपलं. सातवी रिंग बसली, किंचित जाड. झाकण लावताना आता थोडा जोर लागतो, पण शिटी होते. माझी शिटी ऐकून शेजारच्या बोटीवरचे आजोबा पहिल्या दिवशी धावत बाहेर आले होते, गॅस गळतोय समजून.

बेटांबद्दल थोडंच लिहिते, कारण ते सगळेच लिहितात. एस्पिरितू सांतोला राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो, तो आधी काढा. सान गाब्रिएलच्या खाडीत दगडी बांध आणि चर दिसतात. गास्तोन विवेस नावाच्या माणसानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोत्यांचे शिंपले पाळले होते, लाखोंनी. १९१४ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत सगळं उद्ध्वस्त झालं. स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५३५ मध्ये ला पाझच्या खाडीत आला तोही मोत्यांच्या आशेनं. मोत्यांचे ते शिंपले पुढे जवळजवळ संपलेच. त्या बांधावर बसून मी माहेरी फोन लावला, रेंज आली नाही.

मेमधली एक रात्र मात्र सांगते. नांगरावर झोपलो होतो आणि बाहेर पापड तळल्यासारखा आवाज, थप, थप, थप. वर आले तर अंधारात पाकटं उड्या मारत होती. लहान पाकटं, मोबुला जातीची, शेकड्यांनी. पाण्यातून सरळ वर येतात, पंख फडफडवतात आणि पोटावर आपटतात. का मारतात कुणाला ठाऊक. हर्णैला पाकट मी टोपलीतच पाहिलं होतं, शेपटी कापलेलं. नवरा म्हणाला, "झोप." झोपले नाही.

जूनमध्ये निघालो. पूर्व पॅसिफिकचा वादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर. २०१४च्या सप्टेंबरात ओडिल वादळानं याच खाडीतल्या कितीतरी बोटी बुडवल्या, कितीतरी किनाऱ्यावर भिरकावल्या. उन्हाळ्यातही इथेच राहणारे आहेत, मी त्यांच्यातली नाही. बोट आखाताच्या पलीकडे ग्वाइमासला जमिनीवर चढवायची ठरवली.

निघायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात गेले आणि तसल्याच जाड रिंगा आणखी दोन घेतल्या. म्हाताऱ्यानं विचारलं, परत कधी? नोव्हेंबरात, मी म्हटलं. मग त्यानं माझी ती फाटकी रिंग मागितली. मी फेकली नव्हती, जुना भाग जपून ठेवायची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी धावत जाऊन देऊन आले. त्यानं कार्डबोर्डच्या तुकड्यावर 'इंडिया' असं लिहून दोऱ्यानं तिला बांधलं आणि दारापाशीच्या खिळ्याला अडकवलं.