पर्सनल ट्रेनर: पैसे वहीचे आणि नजरेचे

आठवड्याला 3 दिवस धरले तर 12 सेशनचं पॅकेज महिनाभर पुरतं, पण ट्रेनर कसा आहे ते पहिल्याच दिवशी कळतं. त्याने आधी बीपी, शुगर, जुनी दुखापत, चालू गोळ्या विचारल्या आणि मग वजनाशिवाय स्क्वॉट (उठाबशांसारखा व्यायाम) करून घेतले, तर पुढे जायला हरकत नाही. आल्या आल्या 20 मिनिटं ट्रेडमिलवर पाठवून स्वतः काउंटरवर गप्पा ठोकत बसला, तर उरलेली 11 तशीच जाणार.

खाली बसताना टाचा उचलल्या जात असतील तर बऱ्याचदा घोटे आखडलेले असतात. जाणता ट्रेनर ‘टाच टेकव’ म्हणून ओरडत नाही. तो टाचांखाली 2.5 किलोच्या प्लेटा सरकवतो, छातीशी 8 किलोचा डंबेल धरायला देतो, आणि धड पुढे झुकायचं बरंच कमी होतं. गुडघे आत वळू लागले की सेट, म्हणजे सलग करायची एक फेरी, तिथेच थांबवतो. ‘अजून दोन, अजून दोन’ करत आकडे मोजायला माणूस लागत नाही.

दुसरी खूण म्हणजे वही. ‘गॉब्लेट स्क्वॉट 12 किलो: 10, 10, 8, शेवटच्या दोनला गुडघा आत’ अशी नोंद असेल (छातीशी डंबेल धरून केलेला स्क्वॉट, तीन सेटमध्ये किती वेळा झाला ते), तर पुढच्या वेळी वजन वाढवायचं की तेच ठेवायचं हे ठरतं. तिन्ही सेटमध्ये 12 नीट झाले की पुढचा डंबेल घ्यायचा. वही नसली की रोज नवा व्यायाम मिळतो, घाम भरपूर येतो, ताकद मात्र तिथेच.

आहाराच्या बाबतीत बहुतेक ट्रेनर कमी पडतात. ओट्स, ब्रोकोली, उकडलेलं चिकन असा छापील तक्ता सगळ्यांच्या हातात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने साधारण माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 65 किलोच्या माणसाला सुमारे 54 ग्रॅम. नियमित वजन उचलणाऱ्याला 1.6 पर्यंत, म्हणजे 104. दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भाजी, थोडा भात यातून जेमतेम 15 ग्रॅम मिळतात. तेव्हा आहे त्या ताटातच भर घालावी लागते: 2 अंडी 12, 100 ग्रॅम पनीर 18, कोरडे सोया चंक्स 50 ग्रॅम घेतले तर 26. उपासाला साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य; दाणे, दही, दूध वाढवायला सांगणारा ट्रेनर घरच्या जेवणाचा विचार करतो असं समजा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

पहिल्या आठवड्यात 2 किलो उतरलं म्हणून भुलू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. दुसऱ्याच दिवशी फॅट बर्नरचा, म्हणजे चरबी घटवण्याच्या नावाने विकतात त्या गोळ्या-पावडरचा, डबा पुढे आला तर कमिशनचा वास घ्यावा.

सेशन चुकलं तर पुढे ढकलता येतं का, आणि ट्रेनर मध्येच सोडून गेला तर उरलेल्या पैशांचं काय, हे पैसे भरण्याआधी पावतीवर लिहून घ्या.