पांबनचा नवा रेल्वेपूल : खानदेशातून रामेश्वरला जाणाऱ्यांसाठी

ओखा-रामेश्वर ही साप्ताहिक गाडी नंदुरबार, जळगाव, भुसावळ अशी पुढे जाते, त्यामुळे गाडी न बदलता रामेश्वर गाठण्याची सोय खानदेशाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूचा किनारा आणि रामेश्वरचे बेट यांमधील पांबनच्या सामुद्रधुनीवरील जुना रेल्वेपूल गाड्यांसाठी बंद झाला आणि हा सरळ प्रवास नेमका शेवटच्या टप्प्यावर तुटला. काशीचे गंगाजल घेऊन निघालेल्या आमच्या एका वयस्कर नातेवाइकांना त्या काळात अलीकडच्या किनाऱ्यावर उतरून, सामानाची बोचकी सांभाळत बस शोधावी लागली होती. नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, सुरू झाला. त्यानंतर मी आईला घेऊन जाऊन आलो. हे परीक्षण त्या प्रवासावर आधारलेले आहे.

आधी जुन्या पुलाविषयी, कारण तो माहीत नसेल तर नव्याचे मोल कळत नाही. १९१४ मध्ये सुरू झालेला तो पूल जहाजांना वाट देण्यासाठी मध्यभागी दोन पाकळ्यांसारखा उघडत असे आणि ते काम माणसे हाताने चाके फिरवून करीत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीकडे निघालेली प्रवासी गाडी समुद्राने गिळली आणि पुलाचे बहुतेक गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, वाहून गेले, तेव्हा रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. पुढे २००७ मध्ये त्याच्यावर ब्रॉडगेज रूळ आले. पण खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्ले जात होते आणि अखेरच्या वर्षांत गाड्या त्यावरून ताशी १० किलोमीटरच्या आसपास, अक्षरशः रांगत जात.

नवा पूल सुमारे २.०८ किलोमीटर लांबीचा असून जुन्याला समांतर व त्याहून तीन मीटर उंच आहे. त्याचे ९९ गाळे प्रत्येकी १८.३ मीटरचे आहेत आणि जहाजांच्या वाटेवरील एक गाळा ७२.५ मीटरचा आहे. हा मोठा गाळा उघडत नाही, तर आडवाच्या आडवा १७ मीटर वर उचलला जातो. दोन्ही टोकांना मनोरे, त्यांवरच्या चाकांवरून गेलेले दोर आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला समतोल साधणारी वजने, अशी ही रचना आहे. त्यामुळे गाळा उचलणाऱ्या विजेच्या मोटरींना शेकडो टनांचा सगळा भार ओढावा लागत नाही. आमच्याकडे मोटेची विहीर पाहिलेल्या माणसाला यातले मर्म चटकन उमगेल, कारण तिथेही नाडा, म्हणजे मोटेचा दोर, चाकावरून जातो आणि बैल धावेच्या उतारावरून चालतात, म्हणून त्यांचे वजनच पाणी वर आणण्याच्या कामी येते. गाळा उचललेला पाहण्याचा योग मात्र आम्हाला दोन दिवसांत आला नाही. तो कधी उचलला जाणार आहे, हे सांगणारा फलकही कुठे दिसला नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार थोडी विचित्र आहे. या पुलावर ताशी ७५ किलोमीटर आणि उचलत्या गाळ्यावर ५० किलोमीटर वेगाला मुभा आहे. जुन्या वेगाने बारा मिनिटे लागणारे अंतर त्यामुळे दोन-तीन मिनिटांत संपू शकते आणि समुद्र पाहायला खिडकीशी सरकेपर्यंत पलीकडचा किनारा येतो. म्हणून परतीला आम्ही मुद्दाम मदुराईकडे जाणारी सकाळची पॅसेंजर निवडली. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून पाणीच पाणी दिसत असताना आई म्हणाली, “आपली तापीले पूर येल शे असं वाटस, पन हाऊ पूर उतरत नही.” ज्यांना दोन्ही पूल निवांत न्याहाळायचे आहेत त्यांनी एका बाजूने बस घ्यावी, १९८८ पासून वापरात असलेल्या रस्त्याच्या पुलावरून नवा आणि जुना एका नजरेत येतात. आम्ही गेलो तेव्हा जुना अजून उभा होता.

जोराच्या वाऱ्यात गाड्या थांबवण्याची काळजी इथे पूर्वीपासून घेतली जाते. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर या तिकडच्या पावसाळ्यात जाणाऱ्यांनी परतीची पुढची गाडी फार घाईची ठेवू नये.

टिकाऊपणाबद्दल मी जरा हात राखून लिहितो. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, गंज रोखणारा पॉलिसिलॉक्सेनचा रंग आणि वेल्डिंगचे जोड हे उपाय योग्य दिशेचेच आहेत. परंतु नोव्हेंबर २०२४ मधील रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने नियोजनातील उणिवांबरोबरच गंजाकडेही लक्ष वेधले होते, आणि तेही पहिली प्रवासी गाडी धावण्यापूर्वी. सुमारे ५५० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या पुलाची खरी परीक्षा रंगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहे. खांब व पाया दुहेरी मार्गाला पुरतील असे असले तरी रूळ सध्या एकेरीच आहेत.

तरीही एका गोष्टीचे श्रेय द्यायलाच हवे. जळगावच्या शिवाजीनगरकडे जाणारा रेल्वेवरचा जुना पूल पाडल्यावर नवा होईपर्यंत तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे वळसा घातला, ही आठवण आमच्या शहरात ताजी आहे. पांबनला जुन्याशेजारी नवा उभारण्याचे काम आधीच सुरू झालेले होते, आणि वाहनांसाठी दुसरा पूल असल्यामुळे बेटाचा संपर्क तुटला नाही.

पाचपैकी चार गुण. आरक्षण मात्र लवकर करावे, कारण थेट गाडी आठवड्यातून एकच आहे आणि मधल्या बर्थवर चढणे आईच्या वयाच्या माणसाला जमत नाही.