निस्सान वन-टन: चौदा महिने आणि ५,६०० किलोमीटर

परवा कणकुंबीहून परत येताना मीटरवर ५,६०० किलोमीटर पूर्ण झाले. मीटरची केबल नवी टाकली त्या दिवसापासूनचा हा हिशेब, म्हणजे चौदा महिन्यांचा. गाडी घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, पण लष्करातून निघालेली गाडी घरी आणल्यावर रोजच्या वापरात ती कशी वागते हे कुणी मराठीत नीट सांगितलेलं मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लष्कराची जोंगा जीप सगळ्यांना माहीत असते. वन-टन ही तिची थोरली बहीण. दोघीही जबलपूरच्या, आणि दोघींच्या बॉनेटखाली तेच सहा सिलिंडरचं, ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. ‘जोंगा’ हे नावच मुळी जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं जुळवून झालंय. वन-टनला मागे हौदा, लाकडी बाकं, लोखंडी फाळका, वर ताडपत्रीचं हूड. चारही चाकांना ताकद, चारही चाकांना पाटे, चारही चाकांना ड्रमब्रेक. बेळगावात कॅम्पाच्या बाजूला लहानपण गेलेल्या माणसाला आणखी वर्णन नको. मराठा सेंटरच्या रस्त्याला सायकल घेऊन उभं राहायचं आणि या गाड्या मोजायच्या, हा आमचा सुट्टीतला खेळच होता.

माझी गाडी निपाणीजवळच्या एका मळ्यात, तंबाखूच्या वखारीला लागून उभी होती. आधीच्या मालकाने ती बरीच वर्षं शेतात राबवलेली. पुढच्या बंपरवरचा रंग नखाने खरवडला तर खाली पांढरा बाण आणि त्यापुढे ८४ दिसलं. लष्कराच्या नंबरात बाणानंतरचे दोन आकडे गाडी दाखल झाल्याचं वर्ष सांगतात. त्याच्या शेजारी पिवळ्या वर्तुळाचा अर्धा भाग होता. गाडी कुठल्या वजनाच्या पुलावरून जाऊ शकते त्याचा आकडा त्या वर्तुळात असतो. मी तिथंच ठरवलं, ही घ्यायची. दोन लाख चाळीस हजारांना व्यवहार झाला.

कागदांबद्दल आधी सांगतो, कारण यात फसलेली माणसं मी पाहिलीत. लिलावात विकलेल्या लष्करी गाडीला नोंदणीसाठी लष्कराने दिलेला मूळ विक्री दाखला लागतो, तोच फॉर्म २१. तो हरवला असेल आणि गाडी आजवर कुठल्याच आरटीओत नोंदलेली नसेल, तर गाडी कितीही चांगली असो, सोडून द्या. माझी केए-२३, म्हणजे चिकोडीला नोंदलेली होती; ती नावावर करून केए-२२ ला आणणं सोपं गेलं. कोल्हापूरकडची एक गाडी तीस हजारांनी स्वस्त मिळत होती, पण एमएच-०९ वरून कर्नाटकात आणायची तर ना-हरकत, पुन्हा नोंदणी, पुन्हा टॅक्स. आम्हा सीमेवरच्या लोकांना शिनोळी ओलांडली की दुसरं राज्य. गाडी घेताना हे डोक्यात ठेवावंच लागतं. संकेश्वरला आणखी एक पाहिली होती, तिला डिझेल इंजिन बसवलेलं आणि आरसीवर मात्र पेट्रोल. मिळणाऱ्या ॲव्हरेजचा मोह मलाही पडला होता. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचल्यावर त्या गाडीचा नाद सोडला. चासी नंबर स्वतः खडूने घासून, आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबू नका.

रंगाचंही तेच. भेटेल तो माणूस विचारायचा, मिलिटरी हिरवा का नाही मारला? तो मारता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. मी मातकट खाकी मारला, खानापूरकडच्या वाळलेल्या गवतासारखा. माझे मामा चंदगड तालुक्यातले, एएससीत, म्हणजे लष्कराच्या पुरवठा-वाहतूक दलात, एकवीस वर्षं ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. मला वाटलं होतं त्यांना हिरवाच हवा असणार. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, फाळक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बरं केलंस. तो रंग तिथंच राहू दे.” एवढंच.

कामाचा क्रम मात्र माझा चुकला. मी पत्रा आणि रंग आधी हाती घेतले. पायाखालची रबरी चटई उचलली तर ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा हाताने तुटून यायला लागला. हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली पुन्हा हिरवा, मग रेड ऑक्साइड, आणि त्याखाली नुसता गंज. डेंटरने १६ गेजचा पत्रा वाकवून दोन्ही बाजूंचा तळ नवा केला. काम देखणं झालं. पण नंतर ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग बदलताना तोच नवा रंग तीन ठिकाणी खरवडावा लागला. आज पुन्हा करायचं झालं तर आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग वायरिंग, इंजिन, आणि पत्र्याला अगदी शेवटी हात लावीन.

ब्रेकचा प्रसंग नीट सांगायला हवा. पाचव्या महिन्यात एका गॅरेजात ग्रीसिंगला गाडी दिली होती. तिथल्या मुलाने ब्रेक ऑइलची टाकी जरा खाली दिसली म्हणून वरून ऑइल भरलं; ते साधं हायड्रॉलिक ऑइल, म्हणजे खनिज तेल होतं. दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि दोन्ही मुलं चोर्ल्याच्या बाजूला निघालो. जांबोटी सोडली आणि गाडी जड वाटायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये जिथं सहज चढायची तिथं दुसरा मागू लागली. पेडल दगडासारखं घट्ट. मग वास आला, जळक्या लायनिंगचा. खाली उतरून मागच्या डाव्या ड्रमवर बाटलीतलं पाणी टाकलं तर तव्यावर शिंपडावं तसं चर्र करून उडालं. खनिज तेलाने पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचं रबर फुगतं, ऑइल परत यायचं बारीक भोक त्या फुगलेल्या रबराखाली झाकलं जातं आणि ब्रेक लागलेलाच राहतो. आम्ही चढावर होतो म्हणून निभावलं. हेच पुढे गोव्याच्या बाजूच्या उतारावर झालं असतं तर तापलेल्या ड्रमने ब्रेकच धरला नसता. तासभर थांबलो, मागच्या चाकाचा निपल, म्हणजे ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू, सैल करून दाब सोडला, आणि पहिल्या-दुसऱ्यात हळूहळू घरी आलो. मुलगी पूर्ण वेळ हौद्यात माझ्या पाठीमागची जाळी धरून बसली होती. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

नंतर मास्टर, चारही चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या, सगळं नवं. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन घेतल्या. आता ब्रेक ऑइलचा डबा गाडीतच असतो, आणि कुठल्याही गॅरेजात गाडी दिली तरी त्या झाकणाला मी सोडून कुणी हात लावत नाही.

इंजिन ही या गाडीची सगळ्यात मोठी शान. बोअरिंग करून, हेड फेसिंग करून, नवे पिस्टन घातले. बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग-लेथची कामं करणारे कारागीर आहेत म्हणून हे शक्य झालं. किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचे, बुश मापाने गनमेटलमध्ये टर्न करून मिळाले, तेही दोन दिवसांत. इंजिन जोंगाचंच असल्यामुळे त्याचे पार्ट अजून मिळतात, दिल्लीच्या मायापुरीतून किंवा जबलपूरहून मागवावे लागतात इतकंच. बेअरिंग आणि ऑइल सीलसाठी गाडीचं नाव सांगून उपयोग नाही. बेअरिंगवरचा नंबर वाचा, सीलचं माप व्हर्नियरने घ्या आणि मापावर मागा. निम्म्या वस्तू खडेबाजारच्या आसपासच मिळाल्या. थंड इंजिन चालू झाल्यावर पहिल्या मिनिटात जो आवाज येतो ना, खालून, सहाही सिलिंडर एका लयीत, तो ऐकायला शेजारचे आजोबा रोज गॅलरीत येऊन उभे राहतात.

पेट्रोलचं खरं सांगतो. लिटरला हमरस्त्यावर साडेचार किलोमीटर, घाटात आणि चिखलात साडेतीन, सरासरी चारच्या जरा वर. चौदा महिन्यांत तेराशे लिटरच्या आसपास पेट्रोल गेलं. हा खर्च झेपणार नसेल तर घेऊ नका, कारण उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. इथेनॉलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हे इंजिन बनलं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. माझ्या गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा जुना रबरी पडदा तीन महिन्यांत आकसून कडक झाला, नळीच्या आत काळा चिकट थर साचला. इथेनॉल चालेल असं रबर असलेल्या नळ्या आणि पडदा घातल्यापासून त्रास नाही. माझ्याच शेतातला ऊस ज्या कारखान्याला जातो तिथंही इथेनॉल काढतात, त्यामुळे तक्रार नाही. गाडीला त्याप्रमाणे तयार करणं आपलं काम. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते. गाडीतल्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि पाच मिनिटं सावलीत थांबायचं.

स्वतःच्या सोयीसाठी केलेले बदल मोजकेच. पुढच्या सीटला चांगला फोम. दिव्यांना रिले, म्हणजे जुन्या स्विचवरचा ताण कमी झाला आणि उजेड दुप्पट. हौद्यातली बाकं सागवानी फळ्यांची, खालून मोकळी, त्यामुळे ऊस-बियाणं, काजूची पोती खाली मावतात. हूड शहापूरच्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं; त्याने जुनं हूड उलगडून, टाका मोजून, तसंच नवं बेतलं. पावसाच्या तीन महिन्यांत आत थेंब आला नाही. पॉवर स्टीअरिंग बसवा असं सगळ्यांनी सांगितलं. बसवलं नाही. किंगपिन आणि बुश नवे झाल्यावर चालत्या गाडीत स्टीअरिंग हलकं झालं. उभ्या गाडीत जड आहे, ते जडच राहणार.

कामाला म्हणाल तर गेल्या जुलैत खानापूर तालुक्यातल्या एका शेतवाटेवर ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली एक्सलपर्यंत रुतली होती. पुढची चाकं जोडली, लो, म्हणजे जास्त ओढीचा गिअर टाकला, आणि क्लच सोडून ॲक्सिलरेटरवरचा पायसुद्धा काढला. गाडी इंजिनच्या मंद गतीवरच, बैल ओढतो तशी पुढे सरकत राहिली आणि ट्रॉली बाहेर आली. चतुर्थीला वाड्यातला गणपती याच हौद्यातून आणला. हमरस्त्यावर मात्र साठच्या पुढे नेऊ नये. आवाज वाढतो, गाडी रस्त्यावर भटकायला लागते, आणि ड्रमब्रेकला थांबायला लांब अंतर लागतं. मागून येणारा हॉर्न देतो, देऊ दे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मी बोअरिंगला, पार्टला, पत्र्याला जे चार लाख घातले त्यापेक्षा मामांनी शिकवलेल्या पंधरा मिनिटांनी ही गाडी जास्त चालवली आहे. फौजेत सकाळी गाडी सुरू करण्याआधी ‘फर्स्ट परेड’ असते, वाटेत थांबल्यावर ‘हॉल्ट परेड’, परतल्यावर ‘लास्ट परेड’. फर्स्ट परेडला आधी गाडीच्या खाली बघायचं, कुठं थेंब पडलाय का आणि कसला. मग ऑइलची सळई, रेडिएटरचं पाणी, पट्टा अंगठ्याने दाबून, ब्रेक ऑइल, टायर, चाकांचे नट, दिवे. एवढं झाल्यावर चावी. थांबल्यावर चारही ड्रम आणि हाऊसिंग हाताने चाचपायचे; एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला की तिथं काहीतरी आहे. त्या जांबोटीच्या दिवशी सकाळी मी ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं असतं तर आतल्या ऑइलचा बदललेला रंग घरीच दिसला असता. मामांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. “रोज बघायचं,” एवढंच म्हणाले, “बघायला काय पैसे पडतात?”

लिलावातली गाडी आपल्याला मोडकी दिसते. पण माझ्या गाडीच्या नकलच्या, म्हणजे पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, गोळ्यावर ग्रीसचा इतका जुना, घट्ट थर होता की खालचं पोलाद आरशासारखं निघालं. कुणीतरी वर्षानुवर्षं दर आठवड्याला तिथं ग्रीस भरलं होतं. त्या अनोळखी ड्रायव्हरमुळे माझं ते काम वाचलं.

सध्या एकच दुखणं उरलंय: उजव्या पुढच्या नकलचं सील पाझरतंय. रात्रभरात रुपयाएवढा डाग पडतो. मापाचं सील आणून ठेवलंय, मिरग लागायच्या आत बसवायचंय. मामा शनिवारी चंदगडहून येणार आहेत, पाना घेऊन.