मोठ्या टायपाचं मराठी पवित्र शास्त्र: बायबल स्टडीला चालेल का?

शिवणीची बांधणी, ठळक टाइप, टेबलावर सपाट उघडं राहतं. पुण्यातल्या संध्याकाळच्या बायबल स्टडीला, ट्यूबलाइटखाली, ही प्रत झकास. कागद पातळ आहे. जेल पेन मागच्या पानावर उतरतं, खुणा पेन्सिलीनेच करा.

खरी तक्रार मागच्या विषयसूचीची. ‘देवाचा विश्वासूपणा’ या मथळ्याखाली सगळी दिलाशाचीच वचनं. अनुवाद या पुस्तकातलं 7:7-9 (अध्याय 7, वचनं 7 ते 9) हवंच. इस्राएल संख्येने सर्वांत थोडे, तरी निवडले गेले. पण स्तोत्र 89 ची फक्त पहिली दोन वचनं दिलीत. त्या स्तोत्रात 37 पर्यंत दावीदाच्या वंशाला दिलेल्या शब्दाची स्तुती आहे आणि 38 पासून थेट फिर्याद: तू करार झिडकारलास, मुकुट धुळीला मिळवलास. ही फिर्याद गाळली की उरतं कॅलेंडरवरचं सुवचन. स्तोत्र 44 तर सूचीत नाहीच. आम्ही तुला विसरलो नाही, मग हे आमच्या वाट्याला का, असं तिथे लोक देवालाच विचारतात.

मथळ्याखाली थोडी कोरी जागा आहे, तिथे आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकातली वचनं हाताने लिहून घ्या. 7:1-6 मध्ये आधी टोळ, मग आग; दोन्ही वेळा संदेष्टा विनवतो की याकोब (म्हणजे इस्राएल) लहान आहे, कसा टिकेल? आणि देव दोन्ही वेळा माघार घेतो. तिसऱ्या दृष्टान्तात ओळंबा दिसतो, तिथे मात्र विनवणी नाही. सोबत 3:2 (निवडलं म्हणूनच जाब) आणि 9:7 (पलिष्टी आणि अरामी यांनाही देवानेच आणलं). ही दोन सोडली तर वर्गात निवडीचा अर्थ हमखास ‘आम्ही श्रेष्ठ’ असा निघतो.

रिबन एकच आहे, दुसरी चिकटवा. राजे आणि संदेष्टे लांब लांब छापलेत, त्यामुळे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडलं (इ.स.पू. 722) ते 2 राजे 17 आणि त्याआधीचं होशेय 11 एकत्र वाचायला दोन खुणा लागतात. यरुशलेमेच्या पाडावासाठी (586) 2 राजे 25 आणि विलापगीत 5. पाचवा अध्याय अधांतरीच संपतो. लगेच तिसऱ्या अध्यायातल्या दिलाशाकडे पळू नका.

रास्ता पेठेतल्या बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) शेजाऱ्यांच्या हिब्रू प्रतीशी ताडून पाहणार असाल तर स्तोत्र 44 आणि 89 मध्ये वचनाचा आकडा एकाने पुढे धरा. तिथे शीर्षकालाच पहिला क्रमांक असतो. अनुवाद 7 जुळतं.

विकत घेताना कणा बघा. नुसता डिंकाने चिकटवलेला असेल तर नको.