पुण्याच्या गच्चीवर सोळा महिने कॅक्टस: काटे, फुलं आणि कोकोपीट

२२ कुंड्या, सहा-सात जाती, दोन उन्हाळे, एक पावसाळा, एक हिवाळा. आधी निकाल सांगतो: पुण्यात कॅक्टस उन्हाने क्वचित जातात, पावसाने आणि कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) जातात. तीन गेले, तिन्ही ऑगस्टमध्ये, तिन्ही नर्सरीतल्या मूळ कोकोपीटसकट लावलेले.

कोकोपीट एकदा भिजलं की दमट हवेत आठवडाभर ओलंच राहतं. भोवती कितीही चांगलं मिश्रण भरा, मुळांच्या मध्यभागी तो ओला गोळा तसाच असतो. म्हणून रोप आणलं की कुंडीतून काढायचं आणि काडीने सगळं कोकोपीट झाडायचं. सुकलेली मुळं कापून रोप ५-७ दिवस सावलीत उघडं ठेवायचं, मग कोरड्या मिश्रणात लावायचं. पहिलं पाणी आणखी आठवड्याने. काट्यांसाठी वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी करून रोपाभोवती गुंडाळली की काम होतं; हातमोज्यांतून काटे आत शिरतात.

मिश्रण: ५ भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), ३ भाग विटांचा चुरा (३ ते ५ मिमी), २ भाग जुनं पानकुजाचं खत. चुरा बारीक चाळणीतून काढून खाली पडलेली भुकटी टाकूनच द्यायची. ती ठेवली तर दोन पावसांत तळाशी चिखलाचा थर बसतो. खडीच्या क्रशरची कच वापरू नये, तिचंही हेच होतं. कुंडी रोपापेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी हवी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली ओल सुकत नाही.

पाणी एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी. पावसाळ्यात पॉलिकार्बोनेट पत्र्याखाली पंधरा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत जवळपास बंद. बोअरच्या जड पाण्याने बुडाशी पांढरी पुटं चढतात, म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवणं फायद्याचं.

आता काट्यांचं. काटा शेंड्याच्या नव्या वाढीत तयार होतो आणि एकदा पुरा झाला की पुन्हा वाढत नाही. त्यामुळे सावलीत काढलेला महिना अंगावर कायमचा लिहिला जातो. गोल्डन बॅरल या गोल, पिवळ्या काट्यांच्या कॅक्टसकडे बारकाईने पाहा: उन्हाळ्यातले काटे पिवळेधमक, जाड, त्यांच्या वर पत्र्याखालच्या ढगाळ दिवसांतली बारीक, फिकट काट्यांची एक ओळ, पुन्हा ऑक्टोबरचे दणकट काटे. ऑक्टोबरात एकदम कडक उन्हात नेलं तर मात्र दक्षिणेकडची बाजू भाजते, आणि तो डागही जात नाही. आधी दोन आठवडे ५० टक्के शेडनेट द्यावी. कुंडीवर रंगाचा ठिपका मारून नेहमी तीच बाजू दक्षिणेला ठेवावी.

सर्वांत देखणा काटा फेरोकॅक्टस लॅटिस्पिनसचा: मधला काटा चपटा, रुंद, टोकाला आकडा, नवा असताना लालबुंद. पण याच्या काट्यांच्या मुळाशी मधाचे थेंब सुटतात. मुंग्या येतात आणि दमट दिवसांत त्यावर काळी बुरशी धरते. रोपाला इजा नाही, पण रूप जातं. सकाळी पाण्याची पिचकारी मारून धुवावं, दुपारपर्यंत सुकलं पाहिजे.

फुलांसाठी जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम घ्या. पाच-सहा सेंटिमीटरचं रोपही गडद गुलाबी फुलतं आणि थोडी सावली सोसतं. मॅमिलेरियाची बारीक फुलं शेंड्याभोवती कडं करून येतात, पण हिवाळ्यात पाणी चालू ठेवलं तर कडं अर्धवट राहतं. बिनकाट्याचं अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास उन्हाळ्यात फुलतं: पिवळ्या पाकळ्या, तळाशी केशरी-लाल घसा, भर दुपारी उघडं. रेब्युशियाला लांब थंडी लागते. पुण्यात त्याच्यावर पैसे घालू नयेत. गोल्डन बॅरलला फूल येण्याइतका आकार व्हायला खूप वर्षं लागतात. छोट्या बॅरलवर फूल दिसलं तर बुडाशी बोट लावून पाहा, गोंदाने चिकटवलेलं सुकं फूल असतं.

कूज तपासायला महिन्यातून एकदा बुडाशी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबावं. मऊ लागलं तर त्याच दिवशी कापायचं. काप घेत वर जायचं, मधल्या कड्यात एकही तपकिरी ठिपका उरत नाही तोपर्यंत थांबायचं नाही. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसायची, शेवटी गंधकाची पूड लावून १५ दिवस सुकवायचं, मग कोऱ्या प्युमिसवर नुसतं टेकवून ठेवायचं.

लाल-पिवळ्या डोक्याचं कलम घेताना एक लक्षात ठेवा. वरच्या भागात हरितद्रव्य नसतं, त्याला खालचा तिधारी खुंट पोसतो, आणि तो खुंट ड्रॅगनफ्रूटचा जवळचा भाऊबंद, म्हणजे वाळवंटातला नाही. सांगली-सोलापूरकडे ज्याची शेती होते तेच ड्रॅगनफ्रूट. बाकीच्यांसारखं कोरडं ठेवलं तर खुंट सुरकुततो आणि डोकं गळतं. त्याची कुंडी वेगळ्या कोपऱ्यात, झिरपत्या उन्हात ठेवावी आणि हिवाळ्यातही दहा-बारा दिवसांनी पाणी द्यावं.