चेकपॅच: पॅच पाठवण्याआधीची पहिली चाळणी

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सोर्स कोडबरोबरच मिळणारी चेकपॅच ही पर्ल भाषेतली स्क्रिप्ट, पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) मेंटेनरकडे, म्हणजे कोडच्या त्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्याकडे, जाण्यापूर्वी त्यात टॅबऐवजी पडलेल्या स्पेस, ओळीअखेरच्या रिकाम्या जागा आणि राहून गेलेली, पाठवणाऱ्याच्या सहीसारखी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ काही क्षणांत दाखवून देते. ओळीच्या लांबीबद्दलचा तिचा इशारा पूर्वी 80 अक्षरांनंतर मिळत असे. 2020 मध्ये ती मर्यादा 100 झाली आणि हा बदल मला मनापासून पटला, कारण 80 च्या हट्टापायी वाचायला सोप्या ओळीही उगाच तोडल्या जात. मात्र लॉकिंगमधली (एकाच डेटावर एकाच वेळी अनेकांनी काम करू नये म्हणून घातलेल्या कुलपांमधली) चूक तिला ओळखता येईलच असे नाही, आणि तिच्या प्रत्येक इशाऱ्यापुढे मान तुकवून जुन्या, चालत्या कोडची नुसती रंगसफेदी करणारे पॅच अनेक मेंटेनरांना नकोसेच वाटतात. तिचा जास्त कडक तपासणीचा 'स्ट्रिक्ट' पर्याय तर चांगलाच किरकिरा आहे. माझ्या मते तो नव्या ड्रायव्हरसाठीच राखून ठेवावा.