काजव्यांच्या कॅम्पिंगचे 14,700 रुपये 41 पैसे

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढचा प्रकार लिहिताना मला इतर कुणाहीपेक्षा जास्त लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण मे संपत आला की भंडारदऱ्याच्या काजव्यांची छायाचित्रे प्रत्येकाच्या फोनवर फिरू लागतात आणि त्यांच्याच आडोशाने खोट्या कॅम्पचे बुकिंग घेणारी मंडळी जाळे टाकून बसलेली असतात.

आम्ही सहा जण जाणार होतो: आम्ही दोघे, आमची दोन मुले, नणंद आणि तिची मुलगी. तंबूत राहण्याची सगळ्यांचीच पहिली वेळ असल्यामुळे तयारी महिनाभर चालली होती. तीन स्लीपिंग बॅग, चटया, ओडोमॉस आणि डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या अशी 6,240 रुपयांची खरेदी झाली. पांढऱ्या झोताने काजव्यांच्या लुकलुकण्यात व्यत्यय येतो म्हणून त्या बॅटऱ्यांच्या काचांवर मी स्वतः लाल जिलेटिन कागद चिकटवला. चौकशी केली नाही ती फक्त ज्याच्याकडे राहायचे होते त्याची.

इन्स्टाग्रामवरच्या त्या पानाला हजारोंनी अनुयायी होते. दर माणशी 1,450 रुपये, त्यात तंबू, रात्रीचे जेवण, सकाळचे पोहे आणि काजवे दाखवायला गावातला वाटाड्या. सहा जणांचे 8,700 झाले, त्यातले निम्मे म्हणजे 4,350 रुपये आगाऊ मागितले. बोलणारा माणूस अतिशय अदबीने, स्वच्छ मराठीत बोलत होता. लहान मुलांना तिखट चालते का, हेसुद्धा त्याने विचारले. मी फसले ती बहुधा तिथेच.

त्याने पाठवलेल्या छायाचित्रात तळ्याकाठी चार पिवळे तंबू होते आणि त्यांच्या मागे उंच, शंकूच्या आकाराची, काळपट हिरवी झाडे रांगेने उभी होती. नणंद पाहताक्षणी म्हणाली, "वहिनी, हे मनालीसारखे नाही का वाटत?" भंडारदऱ्याच्या जंगलात हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ आहेत आणि काजवे त्यांच्यावरच लगडतात, हे मी वर्गात सांगते. छायाचित्रातला तो देवदार पश्चिम हिमालयातला, तो सह्याद्रीत आपणहून उगवत नाही, हेही मीच सांगते. आणि मी तिला काय उत्तर दिले? "अगं, जाहिरातीसाठी फोटो थोडे सजवतात." हे वाक्य मला अजून रात्री आठवते. तिने त्यानंतर एकदाही टोमणा मारलेला नाही, याचाच जास्त त्रास होतो.

पैसे भरताना पडद्यावर कॅम्पचे नाव आले नाही, कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचे आले. विचारल्यावर "आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, मॅडम" असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. पडद्यावर उमटलेले नाव आणि ज्याच्याशी बोलतो आहोत त्याचे नाव जुळत नसेल, तर तिथेच थांबा. स्पष्टीकरण कितीही सरळ वाटो. पाठोपाठ तीन तंबूंची परत मिळणारी अनामत म्हणून प्रत्येकी 1,000 प्रमाणे 3,000 गेले. मग त्याने कळवले की, एकूण 7,350 रुपये आमच्या बुकिंगला जोडले गेलेले नाहीत, कारण रकमेत आमचा कोड नव्हता, 7,350.41 एवढी नेमकी रक्कम पाठवली की आधीचे 7,350 दहा मिनिटांत आपोआप परत येतील. आज वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण दोन तासांवर पालकसभा, शनिवारी निघायचे, मुलांच्या पिशव्या भरलेल्या, अशा वेळी ते 41 पैसेच मला शिस्तीचे आणि खरे वाटले. मी काही भोळी नाही. वीज तोडण्याच्या खोट्या संदेशावरून सासऱ्यांना मीच वाचवले होते. पुढची मागणी 14,700.82 ची आली, तेव्हा कुठे डोळे उघडले. पैसे परत करण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस चोरच असतो, त्याला दुसरा अर्थ नाही.

दुपारी 3.40 ला शेवटची रक्कम गेली आणि रात्री नऊच्या सुमारास त्याने मला ब्लॉक केले. मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर पाचव्या प्रयत्नात पोहोचले. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिले काही तासच कामाचे असतात. मी ते "येईल, येईल" म्हणत घालवले. तुम्ही घालवू नका, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, फोन लावण्यापूर्वीच समोर लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

त्यानंतरची कथा फसवणुकीहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यावर सांगण्यात आले की, कॅम्प भंडारदऱ्याचा, तेव्हा तक्रार तिकडे अकोले तालुक्यात जाऊन द्या. मी पुण्यात बसून पैसे भरले, तो कॅम्प अस्तित्वातच नाही, आणि तक्रार मात्र त्याच्या हद्दीत! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचे कारण सांगून गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही, हे मी म्हटल्यावर समोरच्या गृहस्थांनी "मॅडम, तुम्ही वकील का?" असे विचारले. मग सायबर कक्षाकडे पाठवले. तिथे दोन तास बसवून, ही रक्कम छोटी आहे, सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर नोंद आहे ना, मग झाले, असे सांगितले. अर्जातले 41 पैसे पाहून एक जण हसलाही. बँकेत तर पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, हे एकच वाक्य तीन टेबलांवर ऐकले. ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना कुणीतरी कागद तपासले असतीलच की. त्या प्रश्नाला एकाही टेबलावर उत्तर नव्हते. पोर्टलवर माझी तक्रार आजही "प्रक्रियाधीन" दिसते.

नंतर एका सहकाऱ्याकडून शेंडी गावातल्या, खरोखर तंबू लावणाऱ्या एका माणसाचा क्रमांक मिळाला. हे आधी केले असते तर! त्याला मी ते छायाचित्र पाठवले. तो म्हणाला, "आमच्याकडं ही झाडं कुठली, ताई?" दर हंगामात अशा "कन्फर्म" पावत्या घेऊन रात्री गावात येऊन उभ्या राहणाऱ्या गाड्या तो पाहतो. त्याने आगाऊ काही मागितले नाही, आल्यावर द्या म्हणाला. पण तोवर पाऊस लागला होता आणि काजवे संपले होते.

ते पान आता नव्या नावाने सुरू आहे. छायाचित्र तेच, देवदार तेच, दर फक्त 1,650 झाला आहे.